सिस्टर आणि भाऊजींचे जन्म

सिस्टरांना नवा माणूस भेटला की त्या नाव विचारायच्या नाहीत. "कुठं जन्मलास?" हा पहिला प्रश्न आणि "बाळंतपण कोणी केलं?" हा दुसरा. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा यवतमाळहून मला सोडायला आलेले बाबा बरोबर होते. भाडं किती, पाणी कधी येतं, रात्री दार केव्हा बंद होतं, असे सगळे प्रश्न त्यांनी गाडीतच पाठ केले होते. त्यातला एकही विचारायच्या आत सिस्टरांनी मला विचारलं, "कुठं जन्मलीस?"

"घरीच. आजीकडे."

"दाई होती की नर्स?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "दाईच असेल."

"असेल?" सिस्टर म्हणाल्या. "आपण कुठं होतात?"

बाबा तेव्हा शेजारच्या गावात नाटक बघायला गेले होते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पाठ केलेले प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. सिस्टरांनी सांगितलेल्या भाड्याला हो म्हणून ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

खराडीला तेव्हा शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीत मला पहिली नोकरी लागली होती. ऑफिसातल्या एका मुलीनं सांगितलं होतं की खडकीत बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्स खोली देते, खोली स्वच्छ आहे, बाई मात्र जरा... बघ तू. मी बघितलं, आणि लग्न होईपर्यंत तिथंच राहिले.

घर बैठं होतं. पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि अंगणाच्या टोकाला आणखी एक सुटी खोली. यजमान फॅक्टरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सिस्टरांनी आयुष्यभर सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केली होती, आणि नोकरी सांभाळून घरीही बाळंतपणं केली होती. माझी खाट त्याच कामाची. "ह्या खाटेवर निम्मी खडकी आलेली आहे," असं त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. "तू नुसती झोपणार आहेस. तेव्हा कुरकुरते म्हणून तक्रार करायची नाही."

निम्मी खडकी ही थोडी अतिशयोक्ती असेल, पण त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की ती खरी वाटायची. त्यांना माणसं चेहऱ्यानं आठवत नसत, जन्मानं आठवत. भाजीवाल्याकडे बोट करून म्हणायच्या, "हा आठव्या महिन्यातला. कापसात गुंडाळून ठेवला होता. आता वजनात मारतो." वॉर्डातले एक पुढारी हात जोडत समोरून आले, तर ते ऐकतील एवढ्या आवाजात मला म्हणाल्या, "हा पायाळू. अजून उलटाच चालतो." एकदा आमची रिक्षा एका ट्रॅफिक हवालदारानं अडवली. सिस्टरांनी बाहेर डोकं काढलं, त्याच्या छातीवरची पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "तुझ्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. निळा पडला होतास. बाजूला हो." तो बाजूला झाला.

माझ्या वऱ्हाडी बोलण्याची त्यांना गंमत वाटायची. मी फोनवर आईला म्हटलं, "जेवण करून राहिली," की त्या आतून विचारायच्या, "करणार आहेस की राहणार आहेस? एक काय ते ठरव." बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात धुवायचे, हा घराचा कायदा होता. आलेल्या पाहुण्यालाही त्या आधी मोरी दाखवत आणि मग खुर्ची.

सिस्टर ख्रिस्ती होत्या, नगरकडच्या, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. देवाच्या बाबतीत त्या फार बोलत नसत. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी आटोपशीर असायची की माझा हात घासाकडे जायच्या आत आमेन झालेलं असायचं. रविवारी मात्र पांढरं पातळ नेसून त्या चर्चमध्ये उपासनेला जायच्याच, आणि बसायच्या शेवटच्या बाकावर. पूर्वी उपासनेच्या मध्येच कोणीतरी बोलवायला यायचं, तेव्हापासूनची ती सवय. रविवारी मटण असायचं आणि मला त्याचं आमंत्रण असायचं, म्हणून कधीकधी मीही त्यांच्याबरोबर जाऊन बसायची. आमच्याकडे देवळात एवढा वेळ कोणी बसवत नाही, त्यामुळे मला आधी अवघड गेलं. पुढे गाणी आवडायला लागली.

आता भाऊजींबद्दल सांगायला हवं. सिस्टरांचे हे धाकटे दीर. अंगणाच्या टोकाच्या खोलीत ते एकटे राहायचे. सिस्टर त्यांचा उल्लेख भाऊजी असा करायच्या, म्हणून सगळी गल्लीच त्यांना भाऊजी म्हणायची, मीसुद्धा. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, त्याला सोनेरी झालर, तो अंगणातल्या दोरीवर वाळत असायचा. वाजवायचे फार सुंदर, आणि प्यायचे त्याहून जास्त.

दर हिवाळ्यात त्यांच्या मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांची, संजीवन सभा भरायची. मैदानावर मांडव, बाहेरगावचा वक्ता, आणि शेवटी तो हाक द्यायचा, की ज्यांना नवा जन्म हवा आहे त्यांनी पुढं यावं. भाऊजी दर वर्षी पुढं जायचे. गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडायचे, लोक त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, आणि ते घरी येऊन बाटली गटारात ओतायचे. मग लग्नसराई सुरू व्हायची.

सिस्टर हे सगळं वॉर्डातल्या रिपोर्टसारखं सांगायच्या. "काल भाऊजींचा पुन्हा जन्म झाला. बाळ सुखरूप आहे." मी विचारायची, "मग आता सुटेल ना?" तर म्हणायच्या, "बारसं बाराव्या दिवशी करतात, ते उगीच नाही. आधी मूल टिकतंय का ते बघतात. हे लोक पहिल्याच रात्री पेढे वाटतात."

पण खरी विचित्र गोष्ट पुढंच आहे. सिस्टर भाऊजींशी बोलत नसत. त्यांना दोन वेळचं जेवण वाढायच्या, कपडे धुऊन द्यायच्या, ताप आला तर औषध द्यायच्या, पण शब्द नाही. भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसलेले, सिस्टर शेगडीपाशी, मध्ये दोन हात अंतर, आणि सिस्टर मला सांगायच्या, "त्यांना विचार, भात हवा का." मी विचारायची. भाऊजी म्हणायचे, "त्यांना सांगा, थोडा." मी सांगायची. माझ्या आधीच्या भाडेकरू मुलीही हेच काम करून गेल्या होत्या. आणि मुलगी सुट्टीत गावाला गेली की? मी एकदा भाऊजींना विचारलं. "मग वहिनी भिंतीला सांगतात," ते म्हणाले.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सिस्टरांच्या यजमानांच्या छातीत कळ आली, ती संध्याकाळची वेळ होती. सिस्टरांनी भाऊजींना रिक्षा आणायला पिटाळलं. वाटेत गुत्ता होता. भाऊजी आले तेव्हा रिक्षा नव्हती, आणि रिक्षाची गरजही उरली नव्हती. दफनविधीनंतर सिस्टर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, त्याला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती. घरातून जा, असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

त्या सुमारास मंडळीत नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. तरुण होते, चष्मा लावायचे, उपासनेला त्यांनी प्रोजेक्टर आणला. गाण्याच्या ओळी भिंतीवर दिसू लागल्या, त्यामुळे म्हाताऱ्या बायका रागावल्या, कारण त्यांना गाणी पाठ होती आणि आता भिंतीची वाट बघावी लागायची. पाळकांनी घरोघरी भेटी सुरू केल्या. आमच्याकडे आले, सिस्टरांनी मोरी दाखवली, त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि खुर्चीत टेकून म्हणाले, "आजी, आपला नवा जन्म कधी झाला?"

"आठवत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे, दिवस आठवत नसेल. पण साधारण?"

"जन्मलेल्याला तारीख आठवत नसते. ती आईला आठवते. तिकडे विचारा." आणि त्यांनी बोट वर केलं.

पाळक जरा हसले, पण त्यांनी सोडलं नाही. "झालाय, याची तरी खात्री आहे ना आपल्याला?"

"तुम्हाला दिसतोय का?"

पाळक चहा पिऊ लागले. सिस्टरांनी त्यांना आणखी एक बिस्किट दिलं. ते गेल्यावर मात्र त्या बराच वेळ भांडी घासत राहिल्या. धुतलेलीच भांडी होती ती.

त्या वर्षीच्या सभेत भाऊजी पुढं गेले नाहीत. शेवटच्या रांगेत बसले होते, सभा संपली तसे उठून घरी आले. "यंदा जन्म नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग लग्नसराई आली. भाऊजी कोट घालून जायचे, उशिरा यायचे, सकाळी उंबऱ्याशी येऊन बसायचे. काहीतरी बदललंय हे आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांचे हात कापायचे, घाम यायचा, दोन दिवस तर ते अंथरुणातून उठले नाहीत. सिस्टरांना वाटलं, ताप. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि म्हणाले, "दारू बंद केली आहे का ह्यांनी एकदम?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "विचार त्यांना."

मी आत जाऊन विचारलं. सिस्टर दाराबाहेर उभ्या होत्या.

"बंद केली असं नाही," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बँडच्या टेम्पोतून येत होतो. बाटली माझ्याकडे आली, मी ती पुढच्याला दिली. घरी आल्यावर ध्यानात आलं की मधे आपण प्यायलोच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच."

बाहेरून सिस्टर म्हणाल्या, "त्यांना सांग, असं काही होत नसतं."

मी सांगितलं.

"त्यांना सांगा," भाऊजी म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय."

पुढचे काही दिवस सिस्टरांनी त्यांना तांदळाची पेज दिली, डॉक्टरांची औषधं वेळच्या वेळी दिली. नाडी स्वतः बघायच्या, पण जीभ बघायची तर मला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, जीभ दाखवा." मनगट सिस्टरांच्याच हातात असायचं. मला हसू यायचं, पण मी निरोप पोचवायची. भाऊजी बरे झाले, पुन्हा कामावर जाऊ लागले. सिस्टर दोरीवरचा कोट काढताना हळूच हुंगायच्या. काहीच सापडत नसे. त्यामुळे त्या आणखी अस्वस्थ व्हायच्या.

एका दुपारी त्या लसूण सोलत होत्या आणि मी घरून काम करत होते, म्हणजे मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले होते. मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्याकडे ज्याला नवा जन्म म्हणतात तो हाच ना? भाऊजींनी खराच नवा जन्म घेतला म्हणायचा."

"घेतला, घेतला काय?" त्या म्हणाल्या. "जन्म कोणी घेतं का? मी एवढी मुलं बघितली, एकही स्वतःहून आलेलं नाही. त्याला ढकलतात, ओढतात, ते बिचारं आतच बरं असतं. जन्म देतात. घेणाऱ्याचं त्यात काय कर्तृत्व? आमच्यात सगळे उभे राहून साक्ष देतात, मी अमुक दिवशी नवा जन्म घेतला. जसा काही दुकानातून आणला."

"मग दुखतं कोणाला?"

"आईला. दुसरं कोणाला?"

"आणि इथं आई कोण?"

त्यांनी लसणाची एक पाकळी नखानं सोलली, ताटलीत टाकली. "प्रभू क्रूसावर होता ना, तेव्हा काय चाललं होतं असं वाटतं तुला? मला विचारशील तर त्या कळा होत्या. वॉर्डात काम करताना मला नेहमी तसंच दिसायचं. बायका ओरडायच्या, देवा, मला का टाकलंस. तोही तसंच ओरडला होता." मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "हे पाळकांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

मी हिंदू घरातली. मला ह्या गोष्टी कोणी समजावून सांगितल्या नव्हत्या, आणि पुढे वाचलेलंही फारसं काही लक्षात राहिलं नाही. हे राहिलं.

वर्ष उलटत आलं. भाऊजी प्यायले नाहीत. गल्लीत बोलणं झालं, मंडळीत बोलणं झालं, आणि पाळकांनी एका रविवारी भाऊजींना साक्ष द्यायला सांगितलं. भाऊजी नको म्हणत होते. पाळक म्हणाले, दोन शब्द बोला, लोकांना आधार होईल. मी त्या दिवशी सिस्टरांबरोबर शेवटच्या बाकावर होते. सिस्टर म्हणाल्या, "आता रडतील. रुमाल आहे का विचार." पण विचारायला भाऊजी फार लांब होते.

ते पुढं जाऊन उभे राहिले. रडले नाहीत. हात पाठीमागं बांधून, वरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "माझ्या भावाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मला रिक्षा आणायला पाठवलं होतं. मी आणली नाही. दादा माझ्यामुळं गेला. हे मी आजवर कोणापुढं बोललो नव्हतो. देवानं माझी दारू काढून घेतली, का घेतली ते मला माहीत नाही. मी तसं मागितलं नव्हतं. यंदा तर मी पुढंसुद्धा आलो नव्हतो." एवढं बोलून ते खाली येऊन बसले. कोणी आमेन म्हणालं नाही. पाळकांनी घाईनं गाणं घेतलं.

मी सिस्टरांकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या वर्षांनी काहीतरी सैल पडलेलं दिसेल. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. गाणं त्यांनी म्हटलं नाही.

घरी आलो. मटण सकाळीच शिजवून ठेवलेलं होतं. भाऊजी नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी बसले. सिस्टरांनी ताट वाढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांग..." आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "त्यांना सांग की..." मग त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, स्वतः नेऊन भाऊजींच्या पुढं ठेवलं आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. गुडघे दुखायचे म्हणून त्या कधी जमिनीवर बसत नसत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आज अर्धंच सांगितलंत."

भाऊजींनी मान वर केली नाही.

"समोरच्या दारात टॅक्सी उभी होती."

मी दाराशी उभी होते. निघून जावं की थांबावं, ते कळेना. समोरच्या घरातले काका तेव्हा टॅक्सी चालवायचे, हे मला ऐकून माहीत होतं. ते आता नव्हते, काकू होत्या. सिस्टरांचं आणि त्या काकूंचं बोलणं नाही, हेही मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते. पण गल्लीत कोणाचं कोणाशी बोलणं नसणं ही काही बातमी नव्हती.

"टॅक्सी दारात होती आणि काका घरात होते," सिस्टर म्हणाल्या. "मला खिडकीतून त्यांच्या घरचा दिवा दिसत होता. हाक मारली असती तरी आले असते. पण त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण त्यांनी माझ्याकडं केलं नव्हतं. कॅम्पातल्या नव्या नर्सिंग होममध्ये नेली तिला. समोर मी असताना. तेव्हापासून मी त्या घराकडं बघत नव्हते. आणि त्या संध्याकाळी मला वाटलं, त्यांच्या दारात कशाला जायचं, भाऊजी आहेत की. तुम्ही गुत्त्यावरून जाणार, हे मला माहीत होतं. कोणाला माहीत नव्हतं? तरी मी तुम्हालाच पाठवलं."

शेगडीवर भात होता, तो करपायला लागला. मी जाऊन गॅस बंद केला.

"ते वाचले असते की नाही, ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मी नर्स आहे, हात ठेवल्यावर मला कळलं होतं काय आहे ते. पण दार ठोठावायला काय झालं होतं मला?"

भाऊजींनी ताट जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"टॅक्सीचं. मी तिच्या बाजूनंच तर गेलो. बॉनेटवर हात ठेवून वळलो. म्हटलं, वहिनी इकडं का नाही गेल्या."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कसं बोलणार?" भाऊजी म्हणाले. "प्यायल्यावर मी सगळ्यांना वाट्टेल ते बोललो. पाळकांना शिव्या दिल्या, बँडमास्तरला दिल्या. टॅक्सीचं नाही बोललो. एवढं एक जपलं."

सिस्टरांनी हात पुढं करून भाऊजींच्या पाठीवर ठेवला आणि वरपासून खालपर्यंत चोळत राहिल्या, बराच वेळ. मी अंगणात जाऊन उभी राहिले. जरा वेळानं आतून भाऊजींच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग सिस्टरांचाही. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो आवाज त्यांचा आहे हे कळायला मला वेळ लागला.

त्या दिवशी आम्ही तिघांनी करपलेला भात खाल्ला.

माझी निरोप्याची नोकरी अशी गेली. खराडीतली होती, हे नशीब. पंधरा-सोळा वर्षांचं साठलेलं दोघं बोलायला लागली, आणि ते बोलणं म्हणजे बहुतेक भांडणच होतं. चहात आलं किती घालायचं, क्लॅरिनेटचा रियाज अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात करायचा, यजमानांना वांग्याची भाजी आवडायची की नाही. "दादाला आवडायची." "तुमच्यापुढं खायचे, नंतर मला सांगायचे." मी ऑफिसातून येऊन खाटेवर पडले की भिंतीपलीकडून हे ऐकू यायचं, आणि मला छान झोप लागायची.

सिस्टर माणसांना "पायाळू" म्हणायच्या त्या म्हणायच्याच. एका रात्रीत त्या गोड झाल्या, असं काही झालं नाही. एक मात्र झालं. पाळक पुन्हा घरी आले तेव्हा सिस्टर आपणहून म्हणाल्या, "तुम्ही मागं मला विचारलं होतं. तेव्हा मी जरा तोऱ्यात बोलले." पाळक गडबडून म्हणाले, "नाही हो, मला तर पटलं होतं. मी ते प्रवचनातसुद्धा वापरलं." सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर त्या पांढरं पातळ नेसून बसल्या होत्या. वार बुधवार होता. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"समोर," त्या म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर. एकटीला जमणार नाही."

गल्ली ओलांडायला किती लागतं? आम्हाला बराच वेळ लागला. मध्ये एक मोटारसायकल आली, मग सिस्टरांची चप्पल अडली, मग त्या म्हणाल्या, जेवणाची वेळ आहे, उद्या जाऊ. मी म्हटलं, आत्ता कोण जेवतं, सात तर वाजताहेत. दार मीच वाजवलं.

काकूंनी दार उघडलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. त्यांचा हात कडीवरच राहिला.

"मी बसायला आलेय," सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "या ना. आत या." आम्ही आत गेलो. काकूंनी पदरानं खुर्ची पुसली. सिस्टर बसल्या, मांडीवर हात ठेवून. भिंतीवर टॅक्सीवाल्या काकांचा फोटो होता, त्याला हार होता. सिस्टर त्याच्याकडे बघत होत्या. "काका गेले तेव्हा यायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या.

"असू द्या," काकू म्हणाल्या. "तुमचे साहेब गेले तेव्हा मी तरी कुठं आत आले. दारातूनच परत फिरले." आणि चहा टाकायला आत गेल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. उंच, केस कापलेले, कानात हेडफोन. काकूंची नात. नागपूरला वाढलेली, इंजिनीअरिंगला इथं प्रवेश मिळाला म्हणून महिनाभरापूर्वीच आजीकडे राहायला आली होती. तिनं हेडफोन काढले आणि आमच्याकडे बघून हसली.

सिस्टरांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन तशाच थबकल्या. मलाही भीती वाटली. कॅम्पातल्या नर्सिंग होममध्ये जन्मलेली ती हीच होती.

"चांगलं काम केलंय कोणीतरी," सिस्टर म्हणाल्या.

मुलीला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "सॉरी आजी, मी तुम्हाला ओळखलं नाही. मी इथं नवीन आहे."

"असू दे, बाळ," सिस्टर म्हणाल्या. "मीही नवीनच आहे."

काकू आत वळल्या. पातेल्यात आणखी दूध ओतल्याचा आवाज आला.